गळती जैसे थे

“साहेब, छतातून हे जे टपकतंय, ते पण वारशात धरायचं का?”

हा प्रश्न मी विचारावा असं आमच्या बाकानं ठरवलं होतं. बाकावर आम्ही तिघी. चष्मिस म्हणाली, “तुझ्यात तेवढा दम नाही.” तिच्या पलीकडची म्हणाली, “ही कशाला विचारतेय, हिचे बाबा इथंच नोकरीला आहेत.” या दोन वाक्यांनंतर गप्प बसणं मला शक्य नव्हतं. त्याच महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता, तोही भाषणाचा मधला भाग साफ विसरून. परीक्षकांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. तेव्हापासून मोठ्या माणसांची भीती माझ्या मनातून गेली ती गेलीच.

प्रसंग साधा होता. शाळेनं आमचा नववीचा वर्ग ‘वारसा ओळख’ या उपक्रमाखाली आमच्याच गल्लीतल्या चर्चमध्ये आणला होता. चर्च अँग्लिकन पंथाचं, दगडी, वारसा यादीतलं, दर्जा दोन. माझे बाबा तिथले रखवालदार आणि आम्ही राहतो आवाराच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत. त्यामुळे जी इमारत दाखवायला वर्गाला रांगेनं चालवत आणलं, ती मी रोज दात घासताना बघते. माहिती द्यायला खुद्द जतन अधिकारी आले होते. बारीक, कडक इस्त्रीचे, बगलेत फाईल. प्रत्येक वाक्य ते ‘जैसे थे’वर आणून सोडायचे. दारं जैसे थे, बाकं जैसे थे, भिंतीतली भेगसुद्धा जैसे थे. दहाव्या मिनिटाला वर्गानं त्यांचं नाव जैसेथे ठेवून टाकलं.

माझ्या प्रश्नावर वर्ग हसला. बाईंनी डोळे वटारले. जैसेथे मात्र हसले नाहीत आणि तिथंच सगळं बिघडलं. पोराटोरांच्या प्रश्नावर हसून पुढं सरकायची जी जगरहाटी आहे, ती त्यांनी पाळली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. त्यांनी गंभीरपणे फाईल उघडली.

ही गळती काय चीज होती ते आधी सांगते. दीडशे वर्षांपूर्वी एका कर्नलनं हे चर्च बायकोच्या स्मरणार्थ बांधलं. बायको तेव्हा हयात होती, पण कर्नल कामं वेळेआधी उरकणारा माणूस होता. नकाशा त्यानं बर्फाच्या मुलखातल्या एका चर्चवरून उतरवून घेतला, म्हणून छप्पर इतकं उतरतं की वरचा बर्फ आपसूक घसरून पडावा. आमच्याकडे बर्फ फक्त फ्रिजच्या वरच्या खणात पडतो. आत टोकदार कमानी आहेत, सागवानी तुळया आहेत आणि वेदीमागच्या रंगीत काचेच्या खिडकीत एक संत आहे. संताचा एक डोळा निळा, एक तपकिरी. मध्यंतरी काच फुटली आणि बाजारात जो रंग मिळाला तो बसवला. घंटेचा मनोरा वीस वर्षांनी आला. तो दुसऱ्याच समितीनं, दुसऱ्याच दगडात, वेदीच्या डाव्या अंगाला चिकटवला. चिकटवला हाच शब्द बरोबर आहे, कारण छप्पर आणि मनोरा जिथं भेटतात तिथं फट राहिली. फटीवर शिशाचा पत्रा ठोकला. पुढं कुठलंसं युद्ध झालं, शिसं बंदुकीच्या गोळ्यांसाठी काढून नेलं आणि त्या जागी तेलाच्या डब्याचा पत्रा आला. तो गंजला. तेव्हापासून गळतंय. प्रत्येक नव्या पाळकांनी आल्या आल्या “हे आधी बघू” म्हटलं आणि बदली होईपर्यंत बघितलं.

थेंब पडतो तो बरोबर वेदीपुढच्या पायरीवर, जिथं लग्नात नवरानवरी उभे राहतात. आणि अडीच महिन्यांनी तिथं माझी ताई उभी राहणार होती. बाबांनी जन्मात एकच हौस बोलून दाखवलीय: ताईचा हात धरून मधल्या वाटेनं वेदीपर्यंत चालत जायचं. बावीस वर्षं त्यांनी ती वाट झाडली, पुसली, लोकांच्या मुली तिच्यावरून चालताना दारात उभं राहून बघितल्या. आता एकदा स्वतः चालायचं होतं. म्हणून गवंडीकाकांशी बोलणं झालेलं. सोमवारी एक नवा पत्रा, थोडं डांबर, अर्ध्या दिवसाचं काम. जैसेथे त्या दिवशी त्या किरकोळ दुरुस्तीच्या कागदावर सही करायलाच आले होते, वर्गाला माहिती देणं हे जाता जाता. खिशातून पेन बाहेर आलं होतं. टोपण निघालं होतं.

तेवढ्यात मी विचारलं.

“रकाना तिसरा, वैशिष्ट्ये,” जैसेथे फाईलमधून वाचू लागले. “क्रमांक आठ, रंगीत काचेची खिडकी, संतासह. क्रमांक नऊ, उत्तर कोपऱ्यातील गळती, सुमारे चाळीस थेंब प्रति मिनिट. क्रमांक दहा, बाप्तिस्म्याचे दगडी पात्र.” ते थांबले. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. छतातलं की त्यांचं, सांगता येत नाही.

“मुली,” ते म्हणाले, “आज तू वारसा वाचवलास.”

आणि पेनाला टोपण लावलं.

घरी आईनं माझं स्वागत केलं. “तुझ्या जिभेला हाड नाही हे मला तू बोलायला लागलीस तेव्हाच कळलं होतं. पण सोमवारपर्यंत ती तोंडात ठेवता आली नसती?”

“अगं, मला काय माहीत तो माणूस खरंच बघेल. मोठी माणसं कधी बघतात का?”

“जाऊ दे, पोर आहे,” बाबा म्हणाले. “कागदाचा घोटाळा आहे, होईल सरळ.”

ताई भांडी घासत होती, आणि ताई न बोलता भांडी घासते तेव्हा एखादा कप तरी जातोच. त्या दिवशी दोन गेले.

आठवड्याभरात वारसा जतन कक्षाची माणसं आली. त्यांनी पायरीभोवती चार पितळी खांब रोवले, त्यांना मखमली दोर बांधला आणि पाटी लावली: ‘ऐतिहासिक गळती. कृपया थेंबास स्पर्श करू नये.’ थेंबाखाली आमची हिरवी प्लॅस्टिकची बादली होती, कडी तुटलेली. ती पाहून त्यातल्या एकीनं नाकाला रुमाल लावला. बादली वास्तूच्या कालखंडाशी विसंगत असल्याचा शेरा पडला आणि कुठल्याशा संग्रहालयातून जस्ताची बादली मागवली गेली. ती बादली स्वतःच गळत होती. त्यामुळे तिच्याखाली पुन्हा आमची हिरवी ठेवावी लागली, पण ती दिसू नये म्हणून तिला काळं फडकं गुंडाळलं.

“मी बाप्तिस्मा कुठं उभं राहून द्यायचा?” पाळकांनी विचारलं. आमचे पाळक इतके सौम्य आहेत की डासालासुद्धा आधी सूचना देतात.

“त्यासाठी वेगळा अर्ज,” जैसेथे म्हणाले.

“आणि प्रार्थना?”

“प्रार्थना मनातल्या मनात असेल तर परवानगी लागत नाही.”

मग पावसाचे दिवस संपले. तीन दिवस ऊन पडलं, चौथ्या दिवशी बादलीत टिपूस नाही. आई म्हणाली, सुटलो. पाचव्या दिवशी नोटीस आली. ‘वैशिष्ट्य क्र. ९ जागेवर आढळून येत नाही. सदर वैशिष्ट्य गहाळ होण्यास रखवालदार यांना जबाबदार का धरू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. अन्यथा निवासी खोल्या रिकाम्या करून घेण्यात येतील.’

बाबा स्वतः कक्षात गेले. मीही गेले, कारण आता घरात मला एकटीला कुणी सोडत नव्हतं.

“साहेब, पाऊस थांबला,” बाबा म्हणाले.

“पाऊस आमच्या यादीत नाही. गळती आहे.”

“पण पाणीच नाही तर गळणार कसं?”

“ते आम्ही कसं सांगणार?” जैसेथे दुखावल्यासारखे झाले. “तुम्ही रखवालदार. रखवाली तुम्ही करायची. खिडकी फुटली तर तुम्ही म्हणाल का, की साहेब, काच संपली?”

या युक्तिवादात कुठंतरी खोट होती, पण ती सापडेपर्यंत आम्ही घरी पोचलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून बाबा छपरावर. वय एकावन्न, डावा गुडघा कुरकुरणारा, हातात झाडांना पाणी घालायची झारी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, मधे जेवायला अर्धा तास, तेव्हा ‘गळती विश्रांती’ अशी पाटी. चाळीस थेंब प्रति मिनिट. कमी पडले तर वैशिष्ट्यात घट, जास्त पडले तर वैशिष्ट्यात फेरफार. दर बुधवारी कक्षाचा एक माणूस घड्याळ लावून मोजायला यायचा. एकदा बेचाळीस भरले, तर त्यानं दोन थेंबांचा खुलासा मागितला. बाबांनी लेखी दिलं की शिंक आली होती.

एवढ्यात कुणीतरी फोटो टाकला आणि माणसं यायला लागली. पहिल्या रविवारी वीस, दुसऱ्या रविवारी दीडशे. दोराला रेलून उभी राहायची, थेंब पडला की “आहा” करायची. ज्या चर्चला रविवारी पंधरावं माणूस दिसलं तर पाळक उपदेश विसरायचे, तिथं रांग फाटकाबाहेर गेली. कमानी कुणी बघेना, तुळया कुणी बघेना. संताच्या दोन रंगांच्या डोळ्यांकडे पाठ करून सगळे खालच्या बादलीत वाकलेले. दारापाशी भेटवही ठेवली गेली. तिच्यातल्या काही नोंदी मी वाचल्या आहेत. ‘हल्लीच्या बांधकामांना अशी गळती नाही.’ ‘आमच्या लहानपणी घरी असंच गळायचं. ऊर भरून आला.’ ‘मुलांना मुद्दाम दाखवायला आणलं. त्यांना हे कुठं बघायला मिळणार?’ ‘कृपया दुरुस्त करू नका.’ या शेवटच्या वाक्याखाली एकानं दोन रेघा ओढल्या होत्या. तो वास्तुविशारद होता.

तुम्हीही येऊन गेला असाल. वहीजवळचं पेन चालत नव्हतं म्हणून सही दोनदा गिरवलीत ते आठवतंय का बघा. वर छपरावर एक माणूस झारी घेऊन बसलाय हे तेव्हा तुमच्या लक्षात आलं नसेल. थेंब इतका सुंदर पडत होता.

ताईच्या लग्नाला महिना उरला. पाळकांनी रीतसर अर्ज केला: अमुक तारखेस, शनिवारी, विवाहविधीसाठी दोर दोन तास बाजूला करण्याची परवानगी मिळावी. उत्तर आलं ते बाबांनी मोठ्यानं वाचलं, कारण ताईचे होणारे यजमानही बसले होते. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून बोलायची सवय असल्यानं ते कुठल्याही प्रसंगी शांत असतात.

‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, वास्तूच्या यादीतील क्र. १३ अन्वये उपासनेस उपस्थित मंडळी चौदा आहेत, पैकी एक झोपलेले. सदर संख्येत वाढ करता येणार नाही. झोपलेले गृहस्थ दिवंगत झाले असल्यास त्या जागी अन्य व्यक्तीस झोपविण्याची व्यवस्था करावी. वधूवरांनी दोराबाहेर उभे राहावे. थेंबापासून बचावासाठी छत्री धरल्यास ते तात्पुरते छप्पर समजण्यात येईल व त्यास बांधकाम परवाना लागेल.’

“म्हणजे मी आत यायचं की नाही?” भावोजींनी विचारलं.

“तुम्ही यादीत नाही,” बाबा कागदावरून बोट फिरवत म्हणाले. “नवरामुलगा हा वाढीव भाग धरलाय.”

“बरं. पुढं वाचा.”

‘तसेच, यादीतील क्र. १४ “रखवालदार, सहकुटुंब (पत्नी एक, कन्या एक, वय वर्षे दोन)” हा वास्तूचा अविभाज्य भाग आहे. सदर कन्या विवाहानंतर अन्यत्र हलविण्याचे प्रयोजन दिसते. मूळ भाग हलविल्यास त्याच मापाचा व त्याच प्रतीचा भाग त्या जागी बसविणे बंधनकारक आहे. शिवाय यादी करतेवेळी दोन वर्षांची असलेली ही कन्या सद्यःस्थितीत चोवीस वर्षांची आढळते. मूळ स्वरूपातील या बदलास परवानगी घेतल्याचे दिसून येत नाही.’

ताईनं हातातला चमचा खाली ठेवला.

‘ताजा कलम: यादीनंतर उभी राहिलेली दुसरी कन्या (वय चौदा) हे अनधिकृत बांधकाम असून, त्याबाबत स्वतंत्र नोटीस काढण्यात येत आहे.’

“हे मात्र मी पहिल्यापासून म्हणत होते,” ताई म्हणाली. दीड महिन्यात ती पहिल्यांदा हसली. मग हसता हसता रडायला लागली, आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला खरंच पाडून टाकलेलं परवडलं असतं.

भावोजी कागदाची घडी घालत म्हणाले, “आमच्याकडे लिफ्ट बंद पडली तर आम्ही दुरुस्त करतो. पाटी लावून लोकांना दाखवत नाही. पण आमचं खातं लहान आहे.”

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ठरवलं की ज्यानं ही यादी लिहिली त्यालाच गाठायचं. फाईलवर सही होती. पाळकांनी जुन्या पत्रव्यवहारातून पत्ता काढून दिला. बाबांना छपरावरून उतरता येईना, म्हणून आई माझ्याबरोबर आली. यादी लिहिणारा कारकून आता निवृत्त होता. तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या ठणठणीत घरात, तो शब्दकोडं सोडवत बसला होता.

“आजोबा, बावीस वर्षांपूर्वी तुम्ही गळती वैशिष्ट्यांमध्ये लिहिलीत,” मी म्हटलं. “ती दोषांमध्ये नको होती का?”

“हवीच होती,” आजोबा म्हणाले. “दोषांचा रकाना ओला झाला होता.”

“ओला? कशानं?”

“गळतीनं. कशानं म्हणजे काय? मी तिच्याखालीच बसलो होतो. दोषांच्या रकान्यात पेन टेकवलं की शाई पसरायची. वैशिष्ट्यांचा रकाना कोरडा होता. तिथं लिहिलं.”

आईनं पदर तोंडाला लावला. “आणि चाळीस थेंब?”

“साहेब जेवायला गेले होते. मला काही काम नव्हतं. मोजले.”

“आणि आम्ही? आम्हाला कशाला घातलंत यादीत?”

आजोबांनी चष्मा पुसून आईकडे नीट बघितलं. “साहेब म्हणाले होते, आवारात जे जे दिसतंय ते लिही. तुम्ही त्या पोरीला कडेवर घेऊन दारात उभ्या होतात. दिसलात, लिहिलं.” मग म्हणाले, “केवढी झाली ती?”

“चोवीस. तिचं लग्न अडलंय.”

एवढं मात्र त्यांना लागलं. कोडं बाजूला ठेवून त्यांनी तिथंच जबाब लिहून दिला: सदर नोंद रकाना ओला असल्याने चुकीच्या जागी झाली. खाली सही, तारीख, हुद्दा, हुद्द्यापुढं ‘माजी’. आम्ही तो कागद छातीशी धरून आणला. त्या दिवशी आईनं मला दोनदा नावानं हाक मारली.

जैसेथेंनी जबाब दोनदा वाचला. “चूक आहे,” ते म्हणाले. “मान्य. पण जुनी चूक आहे.”

“म्हणजे?”

“नवी असती तर तासाभरात खोडली असती. वीस वर्षांवरचा कागद हा अभिलेख होतो. अभिलेखात खाडाखोड म्हणजे वारशाचं नुकसान.” त्यांनी फाईलचं ते पान हळुवार उलटलं. दोषांच्या रकान्यात खरंच एक निळा डाग पसरलेला होता. “हा डाग बघा. इतका अस्सल डाग हल्ली होत नाही.” आणि त्यांनी त्या डागाला क्रमांक दिला.

शेवटी लग्न पोर्चमध्ये करायचं ठरलं. पोर्च चर्चला नंतर जोडलेला, सिमेंटचा, कुरूप, म्हणून कुठल्याच यादीत नव्हता. कुरूप असण्याचा एवढा फायदा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ताईच्या जागी कोण बसवायचं, या प्रश्नावर भावोजींनी लिहून दिलं की ते आठवड्यातून एकदा मूळ भाग तपासणीसाठी आणून दाखवतील. यंत्रांच्या बाबतीत अशी पद्धत असल्यानं कक्षाला ते पटलं.

बाबांच्या सुट्टीचं मात्र पटलं नाही. शनिवार म्हणजे गर्दीचा दिवस, गळती दहा ते पाच चालू हवी. आईनं दोन तासांची सुट्टी मागितली. उत्तर: बदली रखवालदार यादीत नाही. मी म्हटलं, मी चढते, मी ओतते. उत्तर: अनधिकृत बांधकामाला छपरावर चढता येत नाही. आणि गळती थांबलेली आढळल्यास खोल्यांचं काय होईल, ते नोटिशीत आधीच लिहिलेलं होतं.

त्या शनिवारी सकाळी बाबांनी सूट घातला. या लग्नासाठी शिवलेला, राखाडी. मग झारी भरली आणि सूट घालून ते शिडी चढले.

आमच्या खोल्यांच्या दारापासून पोर्चपर्यंत अकरा पावलं आहेत. ताई ती माझा हात धरून चालली. मधे रांग होती. माणसं दाटीनं उभी, हातात फोन. “जरा वाट द्या, नवरी आहे,” मी म्हणत होते. लोकांनी वाट दिलीही, पण मान दाराकडेच. पोर्चमध्ये पाळकांनी पुस्तक उघडलं, भावोजी उभे राहिले, आणि मागून एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “ताई, थोडं बाजूला होता का? तुमच्यामुळं थेंब दिसत नाहीये.” मी वळून बघितलं. त्या आमच्या वर्गशिक्षिका होत्या. त्यांच्याशेजारी चष्मिस फोन उंच धरून उभी. तिनं मला डोळ्यांनीच विचारलं, इथून चांगला येईल ना?

ताई बाजूला झाली. स्वतःच्या लग्नात, अर्धं पाऊल. मी वर बघितलं. पोर्चच्या कडेपलीकडे छपराच्या उतारावर बाबांचे बूट तेवढे दिसत होते, पॉलिश केलेले. बुटांच्या वर, मला न दिसणाऱ्या जागी, ते चाळीसपर्यंत मोजत होते. “मी स्वीकारतो,” भावोजी म्हणाले तेव्हा आतून लोकांची एकदम “आहा” आली. थेंब मोठा पडला असावा.

वहीत त्या दिवशी ऐंशी सह्या झाल्या. एकीनं लिहिलं होतं, ‘योगायोगानं बाहेर एक लग्नही होतं.’

यानंतर पंधरा दिवसांनी जैसेथे आमच्या घरी आले, पहिल्यांदाच. हातात पुष्पगुच्छ. यादीचं दर तेवीस वर्षांनी नूतनीकरण होतं. तेवीसच का, हे कुणाला ठाऊक नाही, तो नियम जैसे थे आहे. पुढच्या महिन्यात जुनी यादी संपणार आणि नवी लिहायची. कक्षात कारकून नाही, कारण निवृत्त झालेल्या कारकुनाची जागा त्याच्या स्मरणार्थ रिकामी ठेवलेली. म्हणून या वर्षी नवी यादी लिहिण्याचा मान एका शालेय विद्यार्थिनीला, ‘वारसा दूत’ म्हणून, द्यायचं ठरलं होतं. गळती जिनं वाचवली, तिला.

“यादी संपतेय हे आधी का नाही सांगितलंत?” आईनं विचारलं. “महिनाभरानं लग्न ठेवलं असतं.”

“कुणी विचारलं नाही,” जैसेथे म्हणाले, आणि त्यात त्यांची खरंच काही चूक नव्हती.

ते गेले. आईनं पुष्पगुच्छ पाण्यात न ठेवता केरसुणीजवळ ठेवला. बाबा गुडघ्याला मलम चोळत बसले होते. ताईची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे साचायला लागले होते.

“मी ठरवलंय,” मी म्हटलं. “मी दूत होणार.”

“हो ना,” आई म्हणाली. “बापाला छपरावर बसवून लेकीचं लग्न लावलं त्यांनी. आता त्यांच्याच पंगतीला बस जाऊन.”

“आई, ऐक तर. यादीत त्या दिवशी जे दिसतं तेच लिहितात, तू दिसलीस म्हणून तुला लिहिलं. जुनी यादी आदल्या दिवशी पाचला संपते. नवी मी सकाळी दहाला लिहायला बसणार. मधले तास ही इमारत कुठल्याच यादीत नसते. नुसतं चर्च असतं.”

बाबांचा हात गुडघ्यावर थांबला.

“गवंडीकाका सकाळी सहाला येतील, पत्रा आणि डांबर घेऊन,” मी म्हटलं. “अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण मी आणि भावोजी हाताखाली असलो की चार तासांत होईल. दहाला मला गळती दिसणार नाही. तुम्ही, आई, ताई, तिघांनीही आवारात दिसायचं नाही; मी लिहिणारी, मी स्वतःला दिसत नाही. ताईकडे जेवायला जायचं, मी यादी संपवून मागून येते.”

आईनं उठून कपड्यांची चळत ताईच्या खुर्चीवरून उचलली आणि मला बसायला दिली.

“आणि दोषांचा रकाना?” बाबांनी विचारलं. बावीस वर्षं नियमात काढलेला माणूस तो. “तो कोरा ठेवला तर फॉर्म परत येतो.”

“कोरा नाही ठेवणार,” मी म्हटलं. “तिथं भेटवही जोडणार आहे. सातशे बारा सह्या, नावपत्त्यांसकट.”